फेलिक्स फाब्रीची दुसरी खेप

जेरुसलेमला एकदा जाऊन आलेला माणूस तीन वर्षांनी परत जेरुसलेमला कशाला जाईल?

आज हा प्रश्नच पडणार नाही. पैसे असतील, रजा असेल, व्हिसा मिळत असेल तर जाईल बापडा. पण ही गोष्ट आहे १४८३ सालची. जर्मनीतल्या उल्म गावातून निघायचं, आल्प्स ओलांडून व्हेनिसला यायचं, तिथे गलबताची वाट बघत महिनाभर मुक्काम ठोकायचा, मग महिनाभर समुद्र, आणि मग मामलुक सुलतानाच्या मुलखात पाऊल टाकायचं. जिवंत परत आलात तर देवाची कृपा. लोकांच्या उभ्या आयुष्यात एकदाही न घडणारी ही यात्रा उल्मच्या डोमिनिकन मठातल्या फेलिक्स फाब्री नावाच्या धर्मबंधूने दोनदा केली. का? तर पहिल्या खेपेला धड काही दिसलंच नाही म्हणून!

हे माझं नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. गेले काही शनिवार-रविवार मी या बाबाजींच्या मागे मागे (अर्थात खुर्चीत बसून) फिरतोय. माणूस गप्पिष्ट, चौकस, थोडा खट्याळ, थोडा कर्मठ. इतका बारीकसारीक तपशील देतो की पंधराव्या शतकातल्या गलबतावर रात्री शौचाला कसं जायचं हेसुद्धा त्याच्या तावडीतून सुटलेलं नाही. पण मला त्याची गंमत वेगळ्याच कारणासाठी वाटली. पडक्या जागेकडे बघायचं कसं, हे त्याला दुसऱ्या खेपेपर्यंत कळलं होतं.

आधी पहिली खेप. १४८०च्या वसंतात एका तरुण सरदारपुत्राबरोबर फाब्री निघाला. मुहूर्त अगदी वाईट. त्याच वर्षी ऑटोमन सुलतान दुसरा मेहमद याच्या फौजेने ऱ्होड्स बेटाला वेढा घातला होता. ऱ्होड्स म्हणजे सेंट जॉनच्या नाइट लोकांचा बळकट किल्ला, आणि यात्रेकरूंच्या वाटेवरचं नेहमीचं बंदर. बातम्या ऐकून काही यात्रेकरूंचं अवसान वाटेतच गळालं आणि ते घरी परतले. गलबतावर काही वयस्कर बायकाही होत्या. या म्हाताऱ्यांच्या बरोबर एका गलबतातून जायला काही उमरावांना लाज वाटत होती. पुढे आजारपण पसरलं, उमराव आडवे झाले, आणि त्यांची शुश्रूषा कोणी केली? याच म्हाताऱ्यांनी. फाब्रीने हे आवर्जून लिहून ठेवलंय.

एवढं सगळं सोसून पवित्र भूमीत मिळाले किती दिवस? नऊ. या नऊ दिवसांत रात्रंदिवस पळवापळवी. इथे गुडघे टेका, तिथे प्रार्थना म्हणा, चला पुढे. झोप नाही, विसावा नाही. ‘सात रात्री आठ दिवसांत अख्खा युरोप’ दाखवणाऱ्या सहलीला जाऊन आलेल्या नातेवाईकांना विचारा, फाब्रीचं दुःख त्यांना लगेच कळेल :-) परतीच्या वाटेवर त्याने ऱ्होड्स पाहिलं. वेढा तोवर उठला होता, किल्ला शाबूत राहिला होता, पण तटबंदीच्या चिंधड्या झालेल्या आणि तोफांचे दगडी गोळे सगळीकडे विखुरलेले. उल्मला पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की जेरुसलेम आठवायला गेलं तर सगळं धूसर आहे, जणू अंधारात पाहिलं होतं.

आपण असतो तर काय केलं असतं? चार फोटो भिंतीवर लावले असते आणि ‘जाऊन आलो’ म्हणून मोकळे झालो असतो. फाब्रीने पुस्तकं गोळा करायला सुरुवात केली. बायबल आणि जुने भाष्यकार तर होतेच, शिवाय धर्मयुद्धांचे इतिहास आणि आधी जाऊन आलेल्या यात्रेकरूंची वर्णनं. तो लिहितो की या गावाहून त्या गावाला धावण्यात जेवढे कष्ट पडले त्याहून जास्त या पुस्तकातून त्या पुस्तकात धावताना पडले. हे वाचून मला हा माणूस एकदम जवळचा वाटला. कोणाचं तरी जुनं, पसरलेलं सॉफ्टवेअर गळ्यात पडल्यावर नुसता कोड उघडून बसलं तर काही उमगत नाही. कोणी, कधी, कशासाठी लिहिलं ते आधी शोधावं लागतं. मग त्याच ओळी बोलायला लागतात.

फाब्रीला या वाचनाची गरज होती, कारण तो जिथे निघाला होता तिथे बघण्यासारख्या गोष्टींपैकी बऱ्याचशा उरल्याच नव्हत्या.

एप्रिल १४८३मध्ये तो दुसऱ्यांदा निघाला. या वेळी चार जर्मन उमरावांचा धर्मगुरू म्हणून. लवाजम्यात आचारी होता, दुभाषा होता आणि वाद्य वाजवणारा एक न्हावीही होता. व्हेनिसला पोचल्यावर गलबताचा मालक पिएत्रो लांडो याच्याशी रीतसर करार झाला. हा करार फाब्रीने कलमवार उतरवून ठेवलाय आणि तो आजच्या कुठल्याही टूर कंपनीच्या नियम-अटींच्या तोंडात मारेल असा आहे. माणशी ४० डुकाट. अर्धे आत्ता, अर्धे जाफा बंदराला पोचल्यावर. दिवसातून दोन वेळा माणसाला खाण्याजोगं जेवण. वाटेतले कर, जकात, गाढवांचं भाडं सगळं मालकाकडे. यात्रेकरूंनी बरोबर घेतलेल्या कोंबड्यांना गलबतावर जागा. यात्रेकरू वाटेत मेला तर त्याच्या सामानाला मालकाने हात लावायचा नाही. आणि पहिल्या खेपेचे चटके बसल्यामुळेच की काय, पवित्र भूमीत यात्रेकरूंना घाईघाईने हाकायचं नाही हेही कलम त्यात आहे.

गलबतावर प्रत्येकाला तळघरात जेमतेम अंग टाकण्यापुरती जागा मिळे. उवा, उंदीर, डांबराचा वास, आणि रात्री भांडणं. कोणाला दिवा हवा, कोणाला अंधार हवा. मग वैतागलेला एखादा यात्रेकरू दिवा विझवायला आपलं लघवीचं भांडं त्या दिव्यावर भिरकावायचा. तीर्थयात्रेला निघालेली माणसं घरी असतात त्यापेक्षा फार वेगळी नसतात, हे एवढ्या प्रेमाने सांगणारा दुसरा लेखक मी वाचलेला नाही.

तर असं करत जाफा आलं. इथून पुढे सगळे अवशेषच अवशेष.

जाफा कधीकाळी भरभराटीचं बंदर होतं. आता उरले होते दोन बुरूज, मातीचे ढिगारे आणि किनाऱ्यालगतची पडकी तळघरं. गलबतातून उतरलेल्या यात्रेकरूंची नावं कारकुनांनी एकेक करून लिहून घेतली आणि त्यांना या तळघरांत ढकललं. आत जनावरांची आणि माणसांची घाण. लोकांनी ती पायाने सारत सारत भिंतीशी लोटली आणि मध्ये बसायला जागा केली. थोड्याच वेळात स्थानिक विक्रेते हजर. अंथरायला गवत-फांद्या, दुर्गंधी घालवायला धूप, सुगंधी डिंक. यात्रेकरू आले की बाजार आलाच, तो कुठल्याही धर्माचा आणि कुठल्याही शतकातला असो.

पण जाफा असं पडीक का होतं? काळाच्या ओघात झालं म्हणावं तर तसं नाही. इथे थोडं मागे जायला हवं. १०९९मध्ये पहिल्या धर्मयुद्धात युरोपीय सरदारांनी जेरुसलेम जिंकलं आणि पुढे किनाऱ्यावर, डोंगरांवर किल्ल्यांची रांग उभी केली. ११८७मध्ये सलाहुद्दीनने जेरुसलेम परत घेतलं. किनारपट्टी मात्र आणखी शंभर वर्षं युरोपीयांकडे राहिली, कारण समुद्रमार्गे कुमक येत होती. मामलुकांनी, विशेषतः सुलतान बैबर्सने, हे नेमकं ओळखलं. १२६५मध्ये कैसरिया आणि अर्सूफ, १२६८मध्ये जाफा. घ्यायचं आणि पाडायचं. १२७०मध्ये त्याने अस्कलानचे उरलेसुरले तटही पाडून टाकले. १२९१मध्ये अक्कोचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी ‘यात्रेकरूंचा किल्ला’ असंच नाव असलेला अथलीतचा किल्लाही युरोपीयांनी सोडून दिला. हा किल्ला १२१८च्या सुमारास टेम्पलर नाइट लोकांनी यात्रेकरूंच्या श्रमदानातून बांधला होता. तो लढाईत कधी पडला नाही. बाकी काहीच उरलं नाही म्हणून रिकामा केला गेला.

किनारा मुद्दाम उजाड ठेवला होता. समुद्रातून कोणी परत आलंच तर त्याला पाय रोवायला दगड मिळू नये, हा साधा सरळ हिशोब. पुढची दोन शतकं यात्रेकरू उतरत होते ते या हिशोबाच्या ढिगाऱ्यावर. त्यांच्याच पूर्वजांनी बांधलेले, त्यांच्याच पूर्वजांनी गमावलेले किल्ले. ज्यांनी काही वाचलं नव्हतं त्यांना जाफात घाण दिसली. फाब्रीला घाण दिसलीच (नाक त्यालाही होतं), पण शहरही दिसलं.

जाफाहून गाढवांवर बसून रामल्याला. तिथे यात्रेकरूंसाठी एक धर्मशाळा होती, बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने पैसे देऊन घेतलेली. व्यवस्था फ्रान्सिस्कन साधूंकडे. या साधूंना १३४२मध्ये पोपने पवित्र स्थळांची राखण अधिकृतपणे सोपवली होती. राज्य मामलुकांचं, पूजाअर्चा फ्रान्सिस्कनांची, वाहतूक व्हेनिसची. तिघांचाही एकमेकांवर फारसा विश्वास नाही, पण तिघांनाही ही यात्रा चालू राहायला हवी आहे. अशा बेबनावातून एक व्यवस्था उभी राहिली आणि ती कित्येक पिढ्या चालली.

रामल्याला फ्रान्सिस्कन प्रमुखाने सगळ्यांना समोर बसवून नियम वाचून दाखवले. सत्तावीस नियम! स्थानिक वाटाड्याशिवाय एकट्याने भटकायचं नाही. मुसलमानांच्या कबरी ओलांडायच्या नाहीत. कोणी मारलं तर उलट हात उगारायचा नाही, येऊन तक्रार करायची. नमाज पढणाऱ्याकडे बघून हसायचं नाही. मशिदीत शिरायचं नाही. लोकांसमोर दारू प्यायची नाही. आणि दोन नियम खास आपल्या ओळखीचे: पवित्र कबरीचे वा इतर जागांचे कपचे फोडून घरी न्यायचे नाहीत, आणि उमरावांनी भिंतींवर आपली नावं किंवा घराण्याची चिन्हं कोरायची नाहीत.

हो, कोरायची नाहीत! कुठल्याही गडाच्या दरवाजावर बदाम, बाण आणि दोन अक्षरं बघून ज्यांचं डोकं फिरतं त्यांनी फाब्री वाचावाच. उमरावांच्या या सवयीवर त्याने मनसोक्त राग काढलाय. एकाची युक्ती तर अशी की पवित्र जागी फरशीवर साष्टांग पालथं पडायचं, दोन्ही हात डोक्याभोवती घ्यायचे, बघणाऱ्याला वाटावं काय हा भक्तिभाव, आणि आडोशाने लोखंडी टोच्याने फरशीवर आपली ढाल कोरायची. कोणी कोळसा घेऊन हिंडायचा आणि दिसेल त्या भिंतीवर नाव लिहायचा. फाब्रीचा मुद्दा साधा आहे. जिथे स्वतःला विसरायला आलास तिथेच स्वतःची पाटी लावतोस?

गंमत अशी की आज याच खरडी इतिहासकारांना कामाला येतात. बेथलेहेमच्या चर्चच्या खांबांवर आणि सिनाईच्या मठात मध्ययुगीन सरदारांची चिन्हं अजून दिसतात आणि कोण कुठवर पोचलं होतं याचा तो दगडी पुरावा ठरतो. म्हणून गडावर नाव कोरायला जाऊ नका बरं का! तुमचं नाव वाचायला पाचशे वर्षांनी कोणी इतिहासकार येणार नाही, आधी पुरातत्त्व खात्याचा माणूस येईल ;-)

जेरुसलेमही तेव्हा एका अर्थी पडकंच होतं. आज आपण फोटोत बघतो ते भव्य तट तिथे नव्हते. १२१९मध्ये दमास्कसच्या अय्युबी राजाने ते स्वतःच पाडले होते, शहर शत्रूच्या हाती गेलं तर तटांसकट जाऊ नये म्हणून. आजचे तट ऑटोमन सुलतान सुलेमानने १५३७ ते १५४१ या काळात बांधले. फाब्री त्याच्या अर्धशतक आधी आला. धर्मगुरू मंडळी झायन टेकडीवर फ्रान्सिस्कनांच्या मठात उतरली. बाकीच्यांचा मुक्काम पडला सेंट जॉनच्या जुन्या रुग्णालयात. धर्मयुद्धांच्या काळात नाइट लोकांनी चालवलेली ही प्रचंड वास्तू. आता बहुतेक कोसळलेली, थोडा कमानींचा भाग उभा. ज्या नाइट लोकांच्या ताज्या लढाईचे घाव फाब्रीने ऱ्होड्सच्या तटांवर पाहिले होते, त्यांचंच हे मूळ घर. त्यांच्या नावातला ‘हॉस्पिटल’ हा शब्द इथूनच आलेला. आता त्याच छपराखाली उमराव मंडळी वळकट्या टाकून झोपली.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये रात्र काढणं हा यात्रेचा कळस. दाराच्या किल्ल्या मुस्लिम रखवालदारांकडे. ते माणसं मोजून आत सोडायचे आणि बाहेरून कुलूप लावायचे. (किल्ली आजही मुस्लिम घराण्यांकडेच आहे. ख्रिस्ती पंथांचा एकमेकांवर जेवढा अविश्वास आहे त्यामानाने ही सोय सगळ्यांना बरी पडते.) आत रात्रभर प्रार्थना, मिरवणूक, मेणबत्त्या. आणि काय असेल? दुकानं! व्यापारीही यात्रेकरूंबरोबर आत कोंडून घेत. मणी, कापड, दागिने. कोणी कबरीपाशी रडतोय आणि पलीकडे कोणी भावात घासाघीस करतोय. फाब्री चिडतो. पण वर्णन सोडत नाही.

तो स्वतःही रिकाम्या हातांनी आला नव्हता. उल्मच्या ओळखीपाळखीच्यांनी आपल्या अंगठ्या, जपमाळा, दागिने त्याच्याकडे दिले होते. ते प्रत्येक पवित्र जागी टेकवायचे आणि परत आणून द्यायचे. पंढरपूरला निघालेल्याच्या हाती शेजाऱ्याने ‘आमच्या नावाने एक तुळशीहार घाला’ म्हणून पैसे द्यावेत, त्यातलाच प्रकार.

आता थोडं अवशेषांच्या बोलण्याबद्दल. अवशेष स्वतःहून काही सांगत नाहीत. आपण जी गोष्ट घेऊन जातो ती ते मुकाट्याने धारण करतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पिरॅमिड. बायबलमध्ये योसेफ इजिप्तच्या राजाला सांगून सुकाळात धान्याचे साठे करवतो ती गोष्ट आहे. शतकानुशतकं ख्रिस्ती यात्रेकरू पिरॅमिडकडे बघून म्हणत आले, हीच ती योसेफची धान्याची कोठारं! व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये तेराव्या शतकातल्या मोझेकमध्ये पिरॅमिड असेच कोठारं म्हणून दाखवलेत. गलबताची वाट बघत व्हेनिसला थांबणारे यात्रेकरू त्याच छताखालून जायचे आणि मग इजिप्तला पोचल्यावर तेच बघायचे. १३३०च्या दशकात विल्हेल्म फॉन बोल्डेन्झेले या जर्मन यात्रेकरूने मात्र जवळ जाऊन नीट पाहिलं. आत पोकळी नाही, धान्य ठेवणार कुठे? कोठारं नव्हेत, थडगी आहेत, असं त्याने लिहिलं. बायबलवरची श्रद्धा त्याचीही कमी नव्हती. पण श्रद्धेचं उत्तर आधी तयार ठेवून दगडाकडे बघणं आणि दगडाकडे बघून मग उत्तर शोधणं यात फरक आहे.

फाब्री या दोन्हींच्या मधला आहे. पुस्तकात जे वाचलं त्यावर त्याचा भरवसा मोठा. मुस्लिम, ज्यू आणि ग्रीक ख्रिस्ती यांच्याबद्दल तो कित्येकदा फार वाईट लिहितो, आज वाचताना पानं उलटावीशी वाटतात. तो काही काळाच्या पुढे वगैरे नव्हता. पण डोळ्यांनी जे दिसलं ते तो लपवत नाही. एल्फाहालो नावाचा त्यांचा वृद्ध मुस्लिम वाटाड्या. या माणसाबद्दल फाब्री इतक्या मायेने लिहितो की त्याच्याच इतर पानांशी ते जुळत नाही. या म्हाताऱ्याने यात्रेकरूंना सांभाळलं, त्यांच्यासाठी भांडला, दिलेला शब्द पाळला. पुस्तकातला ‘सारासन’ आणि समोरचा एल्फाहालो यांची सांगड फाब्रीला शेवटपर्यंत घालता आली नाही. त्याने दोघांनाही तसंच लिहून ठेवलं. मला वाटतं, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे.

जेरुसलेम पाहून बहुतेक यात्रेकरू जाफाला परत फिरले. फाब्री आणि थोडी मंडळी मात्र ऑगस्टअखेर गाझामार्गे सिनाईच्या वाळवंटात शिरली. आता उंट. पाणी मोजून. सप्टेंबरमध्ये ते सेंट कॅथरीनच्या मठात पोचले. हा किल्ला मात्र पडका नाही. सहाव्या शतकात रोमन सम्राट जस्टिनियनने बांधलेली ग्रॅनाइटची तटबंदी, आणि आत ग्रीक साधूंचा मठ. नंतरच्या काळात तटाच्या आत एक मशीदही उभी राहिली. ती आजही आहे. बैबर्सच्या हिशोबात किनाऱ्यावरचे बलदंड किल्ले बसले नाहीत, पण वाळवंटातली ही गढी टिकली. कारण तिच्याकडून कोणाला धोका नव्हता, आणि मोशे पैगंबराचा डोंगर मुस्लिमांनाही पवित्रच होता. तटांची जाडी हे टिकण्याचं एक कारण झालं. शेजाऱ्यालाही ती जागा आपली वाटणं हे दुसरं, आणि माझ्या मते जास्त वजनाचं.

तिथून ऑक्टोबरमध्ये कैरो, मग अलेक्झांड्रिया. आणि इथे या गोष्टीत आपण येतो! मलबारची मिरी आणि पूर्वेचा बाकीचा मसाला अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, तिथून कैरोला आणि नाईलवरून अलेक्झांड्रियाला यायचा. व्हेनिसचे व्यापारी तो तिथे विकत घ्यायचे. आपले यात्रेकरू घरी परतले ते याच मसाल्याच्या ताफ्यातून. म्हणजे येताना व्हेनिसला यात्रेकरूंचा नफा आणि जाताना मिरीचा. त्या वेळी गलबतावर कोणाला कल्पनाही नसेल की पंधराच वर्षांनी, १४९८मध्ये, एक पोर्तुगीज गलबत आफ्रिकेला वळसा घालून कालिकतला पोचेल आणि या व्यापाराच्या जिवावर उभी असलेली साखळी खिळखिळी होऊ लागेल. १५१७मध्ये मामलुक राज्यही ऑटोमनांनी बुडवलं.

सगळे परतले नाहीत. त्यांच्याबरोबर सिनाई पार केलेला तरुण काउंट योहान फॉन सोल्म्स अलेक्झांड्रियात आजारी पडून वारला. जेरुसलेम झालं, सिनाई झालं, वाळवंट झालं, आणि गलबत समोर असताना मुलगा गेला. फाब्री जानेवारी १४८४मध्ये व्हेनिसला आणि महिनाअखेर उल्मला पोचला.

या सोल्म्सच्याच गटात माइन्झचा एक बडा धर्माधिकारी होता, बर्नहार्ड फॉन ब्रायडेनबाख. त्याने बरोबर एऱ्हार्ड रॉइविश नावाचा चित्रकारच आणला होता. १४८६मध्ये त्यांचं प्रवासवर्णन माइन्झला छापून आलं, व्हेनिसच्या लांबलचक घडीच्या चित्रासकट. युरोपातलं हे पहिलं सचित्र छापील प्रवासवर्णन मानलं जातं. तुफान खपलं. फाब्रीचा लॅटिन ग्रंथ मात्र हस्तलिखितातच राहिला. उंटावर-गाढवावर बसल्या बसल्या रोज केलेल्या टिपणांतून त्याने तो घरी बसून रचला आणि नाव ठेवलं ‘एव्हागातोरियम’. म्हणजे साधारण ‘भटकणं’ किंवा ‘भरकटणं’. यात्रावर्णन म्हणण्याइतका तो शिस्तीत चालत नाही हे त्याला ठाऊक होतं. तो पूर्ण छापला गेला १८४३ ते १८४९ या काळात, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळजवळ साडेतीनशे वर्षांनी. फाब्री १५०२मध्ये उल्मलाच वारला होता.

पण त्याचं मला सगळ्यात आवडलेलं काम वेगळंच आहे. त्याच्या ओळखीच्या मठांत डोमिनिकन जोगिणी होत्या. त्यांना मठाचा उंबरठा ओलांडायची परवानगी नव्हती. जेरुसलेम सोडा, शेजारच्या गावालाही नाही. १४९२च्या सुमारास फाब्रीने त्यांच्यासाठी जर्मन भाषेत एक पुस्तक लिहिलं, ‘सायनपिल्गर’, म्हणजे झायनचा यात्रेकरू. रोज अमुक मजल. आज या गावात पोचा, ही प्रार्थना म्हणा, उद्या ते बंदर. असं करत मठाच्या खोलीत बसून मनाने जेरुसलेम, रोम आणि स्पेनमधलं सान्तियागो करून यायचं. आणि फाब्री वर त्यांना सांगतो की तुमची यात्रा आमच्यापेक्षा बरी. तुम्हाला समुद्र लागत नाही, कोणी लुबाडत नाही, आणि तुम्हाला कोणी घाई करत नाही.

हे नुसतं बिचाऱ्या जोगिणींचं समाधान करण्यासाठी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. तो स्वतः प्रत्यक्ष जाऊन काहीही न बघता परत आलेला माणूस होता. जागेवर पाय लागले म्हणजे जागा कळते असं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत असणार? पहिल्या खेपेला तो जेरुसलेममध्ये होता आणि त्याला जेरुसलेम दिसलं नाही. मग तीन वर्षं उल्ममध्ये बसून त्याला ते दिसू लागलं, आणि दुसऱ्या खेपेला तो फक्त पडताळा घ्यायला गेला. जोगिणींना त्याने यातला मधला भाग दिला. तो त्यांच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांना उंबरठ्याची अडचण नाही. अडचण आहे ती नऊ दिवसांची. लाँग वीकेंडला तीन किल्ले, दोन लेणी आणि एक देऊळ ‘करायचं’ असतं, आणि सोमवारी कार्ड फुल्ल भरलेलं असतं पण डोक्यात धुकं. तेव्हा मंडळी, पुढच्या खेपेला कुठल्याही पडक्या भिंतीसमोर उभं राहायच्या आधी तिच्याबद्दल थोडं वाचून जा. ती कोणी बांधली, कोणी पाडली, आणि मुख्य म्हणजे का पाडली. आणि जमलं तर तीच जागा दोनदा बघा.

असो. फाब्रीच्या गलबतावरच्या गमतीजमती अजून खूप आहेत, त्या पुन्हा कधीतरी.